जांभळा गोंडा

"एक मागायचंय, नाही म्हणू नकोस," पायरीवर बसता बसता कुमुद म्हणाली.

रविवार होता. माझी वृंदा तेव्हा अकरा वर्षांची. ती उंबऱ्यात फतकल मारून तिच्या बाबांच्या कोल्हापुरी चपलांना एरंडेल चोळत होती. दर रविवारी न्हाणं झालं की हे काम तिचं. तेल नाही लागलं तर कातडं वाळून लाकूड होतं, असं मीच तिला कधीतरी सांगितलं होतं आणि तिनं ते मनावर घेतलं होतं.

"माग की," मी म्हटलं. "आजवर तुला कशाला नाही म्हटलंय?"

"भाऊजींच्या या चपला हव्यात. आपल्या नाटकाला."

वृंदाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कुमुदकडे.

"आणि तेवढ्यात बाबा आले तर?"

"आले तर मी स्वतः धावत आणून देईन," कुमुद तिची वेणी ओढत म्हणाली. "तुझ्या बाबांना अनवाणी ठेवीन का मी?"

वृंदानं थोडा विचार केला. मग चपला फडक्यानं पुसल्या आणि कुमुदच्या हातात देत बजावलं, "उन्हात ठेवायच्या नाहीत. आणि जांभळा गोंडा ओढायचा नाही, तो नुसता टाचलाय."

चपलांचे मूळचे गोंडे लाल होते. उजव्या चपलेचा एका पावसाळ्यात उंदरानं कुरतडला, तेव्हा मी माझ्या शिवणक्लासातल्या उरलेल्या लोकरीचा बसवला. घरात लाल लोकर नव्हती, जांभळी होती. त्यामुळं एक गोंडा लाल आणि एक जांभळा असा तो जोड आमच्या दारात सदा मांडलेला असायचा आणि आळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असायचा. दाराशी येणारी बाई आधी चपलांकडे बघायची, मग विचारायची, "आलेत की काय बोटीवरनं?" मी हसून म्हणायची, "नाही हो, या घरच्या आहेत. बोटीवर बूट लागतात."

चपला दारात ठेवायचं शहाणपण माझ्या आईचं. मी लहानग्या पोरीला घेऊन कोरेगावात खोली घेतली तेव्हा ती सामान लावायला आली होती. तिनंच ट्रंकेतून त्या काढून उंबऱ्याशी मांडल्या आणि म्हणाली, "दारात पुरुषाच्या चपला असल्या की कुणी आत डोकावत नाही, मंदे." आई शिंप्याच्या घरातली. कुठलं भोक कशानं झाकायचं ते तिला बरोबर कळायचं.

खरी गोष्ट अशी की वृंदाचे बाबा कुठल्याच बोटीवर नव्हते. इंदूरला होते. तिथं त्यांनी दुसरं घर केलं होतं, त्या घरात दोन मुलं होती. हे मला, माझ्या आईला आणि देवाला ठाऊक होतं. पुढं आई गेली, आणि मग मी ते कुमुदला सांगितलं.

कुमुद किरपेकर म्हणजे आमच्या भगिनी मंडळाची चिटणीस आणि माझी सख्खी म्हणावी अशी मैत्रीण. नवरा हायस्कुलात गणिताचा मास्तर, मूलबाळ नाही, आणि डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेलं. मंडळात बाकीच्या बायका लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तशा राबायच्या. पापड लाटायच्या, मेतकूट दळायच्या, घरोघर विकायच्या. कुमुदला त्यात रस नव्हता. ती नाटकं लिहायची. रथसप्तमीला मंडळाचं मोठं हळदीकुंकू असे आणि त्या दुपारी तिचं नाटक. तिकीट काढून बघायला खेड्यापाड्यांतनं बायका गाड्या जुंपून यायच्या. पुरुषांना आत मज्जाव. त्यामुळं नवरे, सासरे, राजे, ऋषी, सगळं आम्हीच व्हायचो. मिशा काजळाच्या आणि धोतरं नेसवायला मी.

तिला विषमज्वर झाला तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिची जाऊ आली नाही, नणंद आली नाही. मी क्लास बंद ठेवून पेज भरवली, अंग पुसलं. ताप उतरल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "मंदा, माझं आता तुझ्यापासून काही लपलेलं नाही. तुझं मात्र मला काहीच माहीत नाही." मला वाटलं, खरंच की. मग मी सांगितलं. चपला, आईचं शहाणपण, इंदूर, सगळं. ती माझा हात धरून रडली. मी फक्त एवढंच म्हटलं, "वृंदाला हे माझ्याच तोंडून कळू दे, कुमुद. मॅट्रिक झाली की मी तिला समोर बसवून सांगणार आहे. तोवर तिचा बाप बोटीवर राहू दे."

"गळ्याशप्पथ," ती म्हणाली.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, बालवाडीवर पत्रे घालायचे होते. दोन पावसाळे पोरं गळक्या गवताखाली बसली होती. अध्यक्ष बर्गेकाकूंनी सभेत सांगून टाकलं, "कुमुद, आता सीता-सावित्री पुरे झाल्या. बायकांच्या काळजाला हात घालेल असं काहीतरी लिही. नुसत्या तिकिटांवर पत्रे व्हायचे नाहीत. नाटक बघून बायकांनी उठून हातातलं दिलं पाहिजे."

कुमुदनं लिहिलं. पण या खेपेला तालमी तिच्या घरी, दार लावून. मी विचारलं तर म्हणाली, "तू कपडे बघ गं. एक सगुणा नावाची बाई आहे, तिला साधं लुगडं. एक नवरा आहे, त्याला धोतर-कोट. बाकी तू एकदम त्याच दिवशी बघ. तुला एकदा तरी प्रेक्षक होऊ दे." मला ते कौतुकच वाटलं. मी कोट उसवून लीला कदमच्या मापाचा केला. लीला मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायची. उंच होती, म्हणून दरवर्षी नवरा तीच.

रथसप्तमीच्या दुपारी शाळेचा हॉल नुसता फुलला होता. पोरीबाळी पुढं सतरंजीवर, त्यांच्यामागं बायका. वृंदा पहिल्याच ओळीत मांडी घालून बसली होती. चपला आधी तिनंच ओळखल्या. पडदा बाजूला झाला तशी शेजारणीला कोपरानं ढोसून म्हणाली, "त्या आमच्या आहेत." केवढी ऐट होती तिच्या चेहऱ्यावर.

मी विंगेत लीलाचं धोतर खोचत होते. रंगमंचावर एक दार उभं केलं होतं आणि दारात चपला. पोस्टमास्तरांची सून शैला सगुणा झाली होती. ती उंबऱ्यात बसली आणि तिनं फडकं घेऊन चपलांना तेल चोळायला सुरुवात केली.

माझा हात जागच्या जागी राहिला.

"दारात पुरुषाच्या चपला असल्या की कुणी आत डोकावत नाही," शैला म्हणाली. "माझ्या आईनं सांगितलंय."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मी लीलाकडे पाहिलं. ती मिशी सांभाळत आपले शब्द पुटपुटत होती.

"तुला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?" ती म्हणाली. "निरी घट्ट बसव हं, गेल्या वर्षी सुटली होती."

तिला खरंच काही माहीत नव्हतं. ती मूळची साताऱ्याची, आमच्या आळीतली नव्हती. मी निरी बसवू लागले. शिवणाऱ्याचे हात असे असतात, घर जळत असलं तरी ते टाका पुरा करतात.

शैला पुढं बोलत होती. छान बोलत होती, हेही सांगायला हवं. "लोकांना वाटतं माझा माणूस बोटीवर आहे. बोटीवरचा माणूस आज ना उद्या किनाऱ्याला लागतो. माझा माणूस पाण्यात नाहीच. नागपुरात आहे, दुसऱ्या बाईच्या माजघरात. आणि माझी लेक त्याच्या चपला मऊ ठेवतेय."

शब्द न् शब्द माझा होता. मी कुमुदच्या खाटेशी बसून तो बोलले होते. फक्त इंदूरचं तिनं नागपूर केलं होतं.

मी विंगेच्या फटीतनं पाहिलं. बायकांच्या माना वळत होत्या. एकीची दुसरीकडे, दुसरीची तिसरीकडे, आणि मग एकेक करून सगळ्या पुढच्या ओळीकडे, जिथं माझी वृंदा बसली होती. तिची मांडी तशीच होती. ऐट मात्र गेली होती. ती चपलांकडे बघत होती, शैलाकडे नाही.

मला वाटलं, पडदा ओढावा. दोरी समोरच्या विंगेत होती. रंगमंच ओलांडून जायचं तर सगळ्या हॉलला मी दिसणार, आणि उरलासुरला संशय फिटणार. मी जागची हलले नाही.

दुसऱ्या प्रवेशात नवरा परत आला. लीला कोट घालून आत गेली, उंबऱ्याशी उभी राहिली, "चुकलो गं सगुणा," म्हणाली आणि तिनं चपलांत पाय घातले. वृंदाच्या बाबांचं पाऊल मोठं. लीलाचे पाय त्यात नुसते पोहले आणि ती दोन पावलं फटक फटक करत चालली. बायका हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. टाळ्या तर थांबेनात. बर्गेकाकूंनी उभं राहून हातातली एक बांगडी उतरवली आणि पत्र्यांसाठी ताटात ठेवली. त्यांच्यामागं दुसऱ्या उठल्या. मला खोटं बोलायचं नाही. ती पावलं त्या चपलांत पडली तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, माणूस खरंच परत आला. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

नाटकानंतर हळदीकुंकू. तिथनं निघून जायची सोय नव्हती, कारण अत्तरदाणीचं काम माझं होतं. दरवर्षी मी रांगेतनं फिरायचे आणि बायका मनगट पुढं करून काहीतरी टवाळी करायच्या. त्या दिवशी टवाळी कुणीच केली नाही. सगळ्या कशा मऊ झाल्या होत्या. बर्गेकाकूंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं, आणि गालावरनं हात फिरवला.

"येतील हो," त्या म्हणाल्या. "नाटकात आले तसे येतील. तुझं कुंकू बळकट आहे."

त्या वर्षी वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटत होत्या. माझ्या ओटीत कुणीतरी दोन टाकल्या. नारळही दोन निघाले. आमच्या घरात चहा पिणारी एकटी मी.

तुम्ही म्हणाल, त्यांना आधीही अंदाज असेलच. असेल. सात वर्षं बोटीवरनं न उतरणारा माणूस कुणाला खरा वाटणार? पण माहीत असूनही न विचारणं ही त्यांची माझ्याशी असलेली रीत होती, आणि त्या रितीवर माझं कोरेगावातलं सगळं जगणं उभं होतं. एका दुपारीत तीही गेली.

कुमुदला मी रंगपटात गाठलं. ती आरशापुढं उभी राहून गजरा सारखा करत होती. चेहरा उजळला होता तिचा.

"मंदा, पाहिलंस? पत्रे तर झालेच, वर बालवाडीला फरशीही होईल."

"तू शपथ घेतली होतीस," मी म्हटलं.

ती माझ्याकडे वळली. "तुझं नाव कुठं घेतलंय मी? गावसुद्धा बदललं."

"चपला कुणाच्या होत्या?"

"अगं, चपला म्हणजे चपला. कुणाच्याही असतात."

"एक गोंडा लाल, एक जांभळा. बर्गेकाकूंच्या घरात पुरुषाच्या चार जोड चपला पडल्यात. त्यातला एक आणता आला नसता?"

यावर ती जे म्हणाली ते तिनं अगदी मनापासून म्हटलं, म्हणूनच मी ते अजून विसरले नाही.

"त्या आणून पाहिल्या होत्या. त्यांत जीव नव्हता गं. तुझ्या चपला ठेवल्या आणि शैलाला तालमीतच रडू फुटलं."

"आणि नवरा परत का आणलास? तो येणार नाही हे तुला ठाऊक होतं."

"तो आला नसता तर बायका उठून देत्या का?" ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "माणसाला घरी जाताना काहीतरी गोड लागतं. तू जरा लांबनं बघ, मंदा. तुझ्या एकटीच्या दुःखातनं चाळीस पोरांच्या डोक्यावर छप्पर आलं. मला तर वाटलं होतं, तुला बरं वाटेल."

"वृंदा पहिल्या ओळीत होती."

गजऱ्यातलं एक फूल गळालं होतं, ते तिनं उचलून पुन्हा खोवलं. मला तिच्या तोंडात मारावीशी वाटली. पण मंडळातल्या बाईनं मंडळातल्या बाईला मारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी अत्तरदाणी जागेवर ठेवली आणि बाहेर आले.

वृंदा शाळेच्या फाटकाशी उभी होती. आम्ही घराकडे निघालो. उन्हं अजून होती. पेठेतनं जाताना दोन बायकांनी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. तिनं डोकं बाजूला घेतलं.

घर आलं. कुलूप काढताना तिनं विचारलं, "बाबा नागपूरला असतात?"

पाच वर्षांनी, मॅट्रिकचा निकाल लागल्यावर, गोडाधोडाचं जेवण झाल्यावर मी तिला समोर बसवून सांगणार होते. काय सांगायचं ते शब्दही जुळवून ठेवले होते. त्यातला एकही आठवला नाही.

"इंदूरला," मी म्हटलं.

ती आत गेली. हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. मग माझ्याकडे पाठ करूनच विचारलं, "कुमुदमावशीला आधी सांगितलंस?"

"हो."

"माझ्या आधी?"

"हो गं."

ती रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती रडली नाही. ताटं घेतली, पाणी घेतलं, मुकाट्यानं जेवली. त्या रात्री मला कुमुदचा जेवढा राग आला तेवढा मला वृंदाच्या बापाचाही कधी आला नव्हता. तो आमच्यातनं उठून गेला, एवढंच त्यानं केलं होतं. हिनं माझ्या पोरीच्या आणि माझ्या मधलं एक बोलणं उचलून नेलं, आणि ते पुन्हा होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुद आली. मी मशीनवर होते. दार वृंदानं उघडलं. कुमुदच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला होत्या, वर तिळगुळाची पुडी. तिचे डोळे सुजले होते. रात्री तिलाही झोप लागली नसावी.

"वृंदा, या घे बाळ," ती म्हणाली. "उन्हात ठेवल्या नाहीत हं. आणि गोंडाही ओढला नाही."

वृंदानं हात पुढं केला नाही.

"मावशी, राहू देत तुमच्याकडेच," ती शांतपणे म्हणाली. "मंडळाला लागतील. आमच्याकडे त्या मापाचं कुणी नाही."

कुमुदनं तिच्यावरनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन, पोरीला दटावेन, निदान ये बस म्हणेन, असं तिला वाटलं असेल. मी मशीनवरचा पाय काढला नाही. तिनं तिळगुळाची पुडी तेवढी पायरीवर ठेवली आणि चपला काखेत मारून गेली.

बालवाडीवर पत्रे चढले. ते नाटक पुढं साताऱ्याच्या महिला मंडळांच्या स्पर्धेत गेलं, पहिलं आलं, कुमुदच्या गळ्यात हार पडला. मी मंडळ सोडलं नाही. शिवणक्लास तिथंच भरायचा आणि मला पोट होतं. धोतरंही दरवर्षी मीच नेसवत राहिले. मंडळाच्या पेटाऱ्यात तो जोड असायचा. त्यानंतर आमच्या नाटकांत जो कोणी नवरा झाला, मग तो राजा असो की कारकून, तो त्याच चपला घालून रंगमंचावर गेला. जांभळा गोंडा टाचलेला होता, तो कधीतरी पडला. मी पुन्हा बसवला नाही. कुमुदशी मी कामापुरतं बोलायची. पुढं ती वारली तेव्हाही मी कामापुरतीच जाऊन आले.

त्या सकाळी, कुमुद चपला घेऊन परतल्यावर, वृंदानं उंबरा झाडला. चपलांच्या जागी फरशीवर तेलाचे दोन डाग पडले होते. ते तिनं राखेनं घासले, आणि माझ्या आणि तिच्या वहाणा आणून तिथं मांडल्या. दारात आता एवढेच दोन जोड. मला वाटलं, पोरीला सांगावं, असं उघडं दार बरं नाही, कुणीही डोकावेल. मग लक्षात आलं, की ज्यांना डोकावायचं होतं त्या सगळ्या आदल्या दिवशी तिकीट काढून डोकावून गेल्या होत्या.